पंचनाम्यात 'कारण' नसतं

१५ ऑक्टोबर २०२३. मध्यरात्र उलटून गेली होती. समृद्धी महामार्गावर, आमच्या जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात, जांबरगाव टोलनाक्याजवळ एक टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळली. आत नाशिककडची माणसं होती, बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचं दर्शन घेऊन घरी निघालेली. १२ जण गेले. वीसहून जास्त जखमी झाले.

मागून धडकला तो चुकला, हा आपल्याकडचा सरळ हिशोब. त्या हिशोबाने ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर दोषी. मग कळलं की गाडीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं बसली होती. म्हणजे गाडी भरणाराही दोषी. मग आरोप झाला की ट्रक आपणहून थांबला नव्हता, परिवहन विभागाच्या पथकाने तो भर महामार्गावर थांबवला होता. पोलिसांनी दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांना अटक केली. आता दोषी कोण? आणि ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मध्यरात्री तपासणीसाठी गाडी सुरक्षितपणे कुठे थांबवायची, हे ज्यांनी ठरवायला हवं होतं, त्यांचं काय?

त्या रात्रीच्या घटनेतला एकेक तुकडा काढून पाहा. ट्रक तिथे नसता, तर माणसं वाचली असती. ट्रॅव्हलरचा वेग कमी असता, तर कदाचित वाचली असती. माणसं कमी असती, तर निदान कमी मेली असती. कारणं अनेक असतात, पण आरोपीच्या रकान्यात नाव मात्र माणसाचं लागतं. हा लेख या दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दल आहे. 'काय झालं' आणि 'शिक्षा कुणाला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण दुसरा आधी विचारतो, आणि त्यामुळे पहिल्याचं उत्तर बिघडतं, असं माझं म्हणणं आहे.

हवालदार मामांचं मराठी

मी मुकुंदवाडीत राहतो, कोड लिहून पोट भरतो. जालना रोड आमच्या अंगणातूनच गेल्यासारखा आहे. सिडको बसस्थानकाकडून चिकलठाण्याकडे जाणारे ट्रक, विमानतळाच्या गाड्या, कंपन्यांच्या बसा, सिटी बस, भाजीच्या हातगाड्या आणि रेल्वे स्टेशनकडून पायी येणारी माणसं, सगळ्यांचा रस्ता एकच.

गंभीर अपघाताची खबर आली की पोलिसांची कामं ठरलेली असतात. जखमींना दवाखान्यात हलवायचं, वाहतूक मोकळी करायची, मृताचा मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन, घटनास्थळाचा पंचनामा, गाड्या ताब्यात घेणं, आरटीओच्या निरीक्षकाकडून ब्रेक, स्टिअरिंग, टायर तपासून घेणं, चालकाची वैद्यकीय तपासणी, साक्षीदारांचे जबाब, सीसीटीव्ही, आणि शेवटी दोषारोपपत्र. यादी वाचायला सोपी आहे. पण तिच्यातली पहिली दोन कामं बाकीच्या कामांच्या मुळावर येतात. जखमीला उचलायचं म्हणजे गाडी हलवावी लागते. रस्ता मोकळा करायचा म्हणजे काचा झाडाव्या लागतात. जिवंत माणसाची गरज आणि मेलेल्याबद्दलचं सत्य यांच्यात तिथे रोज ओढाताण होते, आणि जिवंत माणूस जिंकतो. तेच बरोबर आहे. पण म्हणूनच मधल्या वीस-पंचवीस मिनिटांत जे टिपलं जातं, त्याला फार किंमत आहे.

अशा एका पंचनाम्याला मी पंच म्हणून उभा राहिलो आहे. गेल्या पावसाळ्यात एक दुचाकी आणि एक पिकअप. दुचाकीवरचा माणूस दवाखान्यात गेल्यावर वारला. हवालदार मामा गर्दीतून दोन माणसं शोधत होते आणि लोक एकेक करून मागे सरकत होते. "या बरं भाऊ इकडं, सही लागती पंचाची. कोर्टाचं टेन्शन नका घेऊ," ते म्हणाले.

मग अर्धा तास आम्ही टेप धरून उभे. पिकअपचं पुढचं चाक दुभाजकापासून किती अंतरावर, दुचाकी कोणत्या कुशीवर पडलेली, हँडल कुठल्या दिशेला. टायर घासल्याची खूण कुठून सुरू होते, कुठे संपते. आरशाच्या काचा. एक चप्पल, एकच. मामा लिहीत होते आणि मोठ्याने वाचत होते : पूर्वेस चिकलठाण्याकडे जाणारा रस्ता, पश्चिमेस सिडको बसस्थानकाकडे जाणारा रस्ता, दक्षिणेस रेल्वे स्टेशनकडे जाणारा रस्ता. मी म्हणालो, "मामा, वरचा दिवा बंद आहे." त्यांनी मान वर करून पाहिलं आणि लिहिलं : 'घटनास्थळालगतचा पथदिवा बंद असल्याचे दिसून आले.'

सही करण्याआधी मी तो कागद नीट वाचला. त्या दोन पानांत कुठेही 'कारण' हा शब्द नव्हता. 'मुळे' नव्हतं. कुणाची चूक, कुणाचा वेग, काही नाही. फक्त 'दिसून आले', 'आढळून आले', 'पंचांसमक्ष मोजले'. सरकारी मराठीची आपण कायम चेष्टा करतो, पण त्या दिवशी मला ती भाषा फार सभ्य वाटली. जे पाहिलं तेवढंच ती सांगत होती. मेलेल्या माणसाला ती दोष देत नव्हती आणि भिंतीला टेकून थरथरत बसलेल्या पिकअपवाल्यालाही देत नव्हती.

एक वाक्य, सगळ्या अपघातांना

पंचनाम्याचा हा संयम एफआयआरमध्ये नसतो. अपघाताच्या एफआयआरमधलं एक वाक्य वर्तमानपत्रं वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ असेल : 'चालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणाने चालवून…' पुढे फक्त गाडीचा नंबर आणि नावं बदलतात. फिर्याद देणारा बहुतेकदा मृताचा भाऊ नाहीतर मेव्हणा असतो. तो त्या वेळी घरी जेवत असेल, पण गाडी भरधाव होती हे त्याच्या फिर्यादीत असतंच.

हे वाक्य खोटेपणातून येतं असं म्हणणं सोपं आहे. मला त्यात एक अवघड चांगुलपणाही दिसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाई मागायची, तर समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. कुणाचीही चूक असो वा नसो, मिळणारी रक्कम कलम १६४ मध्ये आहे : मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. अज्ञात वाहनाने उडवलं तर २ लाख. घरातला कमावता माणूस गेला, पोरं लहान आहेत, तर ५ लाख किती दिवस पुरणार? एफआयआरमधला 'हयगयीने' हा शब्द त्या घराच्या पुढच्या पंधरा वर्षांचा किराणा ठरवू शकतो. मग लिहिणाऱ्याने खरं लिहावं की कामाचं? आपण स्वतः त्या मेव्हण्याच्या जागी असतो, तर काय केलं असतं, हे उत्तर देण्याआधी विचारून पाहावं.

पण त्या वाक्याची किंमत दुसरीकडे मोजली जाते. देशातल्या रस्ते अपघातांचा सरकारी अहवाल नियमभंगाच्या प्रकारानुसार आकडे देतो. २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ७२ टक्के अपघात अतिवेगाच्या खात्यात जमा आहेत. वेग मारतो, यात शंका नाही. पण मूळ नोंदीतच जर 'भरधाव' हा शब्द सवयीने पडत असेल, तर त्या ७२ टक्क्यांत मोजलेला वेग किती आणि गृहीत धरलेला किती? माझ्या धंद्यात म्हणतात, आत कचरा घातला तर बाहेर कचराच येतो. आणि बंद पथदिव्याला त्या तक्त्यात रकाना कुठे आहे?

कलम आधी, पुरावा नंतर

आता मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६(१), कमाल शिक्षा ५ वर्षं. जुन्या ३०४-अ मध्ये ती २ वर्षं होती. चालकाला आपल्या कृतीने जीव जाऊ शकतो याची जाणीव होती असं दिसलं, तर सदोष मनुष्यवधाचं कलम १०५, १० वर्षांपर्यंत.

याच वेळी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये एक चांगली तरतूद आहे. ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवा : ५ आणि ७. म्हणजे नेहमीच्या जीवघेण्या अपघातात तज्ज्ञांनी यायचं बंधन नाही. त्यांना बोलवायला बंदी नाही, पण बंधनही नाही. बंधन आहे ते १०५ लावलं तर.

पण १०५ लावायचं की १०६, हे ठरवायला तर पुरावा हवा! चालकाला जाणीव होती का, हे टायरच्या खुणा, वेग, रक्तातला अल्कोहोल यांवरून कळणार. म्हणजे पहिल्या काही तासांत, अर्धवट माहितीवर, एक अधिकारी कलम निवडतो, आणि पुरावा किती कसून गोळा होणार ते त्या निवडीवर ठरतं. निष्कर्ष आधी आणि निरीक्षण नंतर. प्रोग्रामिंगमध्ये अशा उलट्या अवलंबनाला आम्ही बग म्हणतो. इथे ती कार्यपद्धती आहे.

पुरावा तर वाट पाहत नाही. मोटार वाहन कायद्यात अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. शरीर हे प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने कमी करतं. १०० मिलिग्रॅम असलेला माणूस पाच तासांनी २५ वर येतो, कायद्याच्या दृष्टीने स्वच्छ होतो.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. तेव्हा जुनाच कायदा होता. आधी ३०४-अ लावलं गेलं, ३०४ नंतर आलं. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा आणि रक्ताचा नमुना सकाळी अकराच्या सुमाराचा. तो नमुनाही बदलला गेला असा पोलिसांचा आरोप आहे. त्यात ससून रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. वेळेवर वरिष्ठांना न कळवल्याबद्दल दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला तो ३०० शब्दांचा निबंध, कारण त्यावर मीम बनलं. त्या साडेआठ तासांवर कुणी मीम बनवलं नाही. निबंधाची अट नंतर मागे घेता येते. रक्तातून गेलेलं अल्कोहोल परत आणता येत नाही.

नशिबाचा वाटा

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' या विषयावर लिहिलं. गंमत म्हणजे दोघांनीही उदाहरण घेतलं ते ड्रायव्हरचं. नेगेल म्हणतो, दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर आहेत. एकाच्या समोर पोर धावत येतं, दुसऱ्याच्या येत नाही. दुसरा घरी जाऊन झोपतो, पहिला आयुष्यभराचा गुन्हेगार होतो. दोघांच्या चुकीत काडीचा फरक नाही. आपला कायदाही तेच करतो. बेदरकार चालवलं आणि काही झालं नाही, तर कलम २८१, सहा महिन्यांपर्यंत. कुणी गेलं, तर पाच वर्षांपर्यंत. मधल्या फरकातला मोठा वाटा नशिबाचा आहे. रात्री दोनच्या जालना रोडवर ऐंशीने गाडी पळवणाऱ्या आणि सकाळी ऑफिसला वेळेत पोचणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना या नशिबाने सज्जन ठेवलं आहे!

विल्यम्सचा ड्रायव्हर वेगळा आहे. त्याची काहीच चूक नाही, तरी त्याच्या ट्रकखाली मूल येतं. आपण त्याला समजावतो, 'तुझा दोष नाही रे.' पण तो जर लगेच म्हणाला, 'खरंच की, माझा दोष नाही,' आणि चहा प्यायला निघाला, तर आपल्याला चरकल्यासारखं होईल. दोष नसतानाही त्याच्यावर काहीतरी उरतं. मराठीत त्याला टोचणी म्हणता येईल, पण टोचणीत चुकीची कबुली येते. हे त्याहून वेगळं आहे. हे घडलं, आणि माझ्या हातून घडलं, एवढंच. भिंतीला टेकलेल्या त्या पिकअपवाल्याच्या चेहऱ्यावर मी हेच पाहिलं असं मला वाटतं. पण आपण अपघातस्थळी माणसाला हे वाटून घ्यायला वेळ देतो का? आपण त्याची कॉलर धरतो.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, बरीच वर्षं ट्रक चालवलेले. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकवाल्यांनी संप केला आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा मी त्यांना विचारलं, "काका, तुमच्या गाडीखाली कुणी आलं तर थांबाल का?" ते म्हणाले, "थांबून काय करू? पब्लिक जिवंत सोडल का मला? आधी पोलीस स्टेशन गाठीन." तो संप कलम १०६(२) विरुद्ध होता : अपघातात मृत्यू झाला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता चालक पळाला, तर १० वर्षांपर्यंत शिक्षा. संपानंतर सरकारने ते पोटकलम स्थगित ठेवलं. काकांना माहीत नसेल, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने त्यांची भीती मान्य केलेली आहे. चालकाने जखमीला मदत केलीच पाहिजे, पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर सूट. संसदेने लिहिलेल्या कायद्यात जमावाची गणना पुरासारखी, वादळासारखी केलेली आहे. आपण आहोत तो जमाव.

थांबणाऱ्याला मार आणि पळणाऱ्याला पोलिसांच्या भाषेतली 'अ समरी', म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. असा सौदा समोर ठेवल्यावर माणसाने नीतीने वागावं ही अपेक्षा मोठी आहे. तरी ती करायलाच हवी, कारण रस्त्यावर पडलेल्याचे पहिले काही तास त्या थांबणाऱ्याच्या हातात असतात. पण अपेक्षा करणाऱ्यांनीही काहीतरी द्यावं लागतं. थांबलास तर तुझं म्हणणंही टेपने मोजलं जाईल, एवढी तरी हमी.

दोष न देण्याची किंमत

आमच्या क्षेत्रात सर्व्हर बंद पडला की नंतर बैठक होते, तिला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. कुणी चुकीची कमांड दिली हे विचारायचं नाही, ती देता आलीच कशी हे विचारायचं. ही पद्धत मोठ्या प्रमाणात विमान वाहतुकीतून आली. विमान अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष वाटणं नाही, हे आंतरराष्ट्रीय नियमातच लिहिलेलं आहे. रेल्वेला सुरक्षा आयुक्त आहेत. रस्त्यांना, जिथे सगळ्यात जास्त माणसं मरतात, असं स्वतंत्र काही नाही. स्वीडनने १९९७ मध्ये रस्त्यावर एकही मृत्यू नको हे धोरण संसदेत मंजूर केलं, आणि तेव्हापासून तिथे प्रत्येक जीवघेण्या अपघाताचा पोलिसांपासून वेगळा, रस्ते खात्याकडून सखोल अभ्यास होतो. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या मदतीने उभी राहिलेली आयरॅड प्रणाली आहे. पोलीस त्यात फोटो आणि जीपीएस भरतात. पाया तयार आहे.

तरीही ही बैठक जशीच्या तशी रस्त्यावर आणता येणार नाही. सर्व्हरला आई नसते. ज्या आईचा मुलगा गेला, तिला 'व्यवस्थेत त्रुटी होत्या' हे उत्तर देणं हा अपमान आहे. शिवाय 'व्यवस्था' हा शब्द ताकदवानांना फार सोयीचा आहे. पोर्शेसारख्या प्रकरणात तो वापरला, तर जबाबदारी विरघळूनच जाईल. उलट टोकाला, एकटा ड्रायव्हर पकडून दिला की रस्ता, दिवा, मालक, सलग सोळा तासांची ड्युटी, सगळे सुटतात. रस्त्याच्या सदोष रचनेसाठी कायद्यात कलम १९८-अ आहे. कमाल दंड १ लाख रुपये. माणसाला पाच वर्षं, रस्त्याला एक लाख.

म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. प्रत्येक जीवघेण्या अपघातात, कलम कोणतंही लागो, आरोपी मर्सिडीजमध्ये असो की पिकअपमध्ये, पहिल्या दोन तासांतला पुरावा सारखाच कसून गोळा व्हावा : मोजमाप, चित्रीकरण, रक्त, गाडीची तपासणी, उजेड, रस्ता. तोवर कुणी 'भरधाव' लिहू नये. आणि या पुराव्याची एक प्रत गुन्ह्याच्या तपासाला जावी, एक रस्ता दुरुस्त करणाऱ्याकडे. दोष नंतर ठरवावा, पण ठरवावा जरूर. कलमाकडे न पाहता गोळा केलेला पुरावा श्रीमंताला वाकवता येत नाही आणि गरिबावर लादताही येत नाही.

हे कोरडं वाटेल. मला ते तसं वाटत नाही. कुणाच्या शेवटच्या क्षणाकडे रागाने किंवा घाईने न पाहता, टेप लावून, दिशा लिहून, जसा होता तसा पाहणं, हे आपण त्या माणसाचं देणं लागतो. त्याला आता दुसरं काही देता येत नाही. पोलिसांच्या मनुष्यबळाचा प्रश्न खरा आहे, तज्ज्ञांची टंचाईही खरी आहे. पण आपल्या हातातलंही थोडं आहे. मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा दवाखान्याने अडकवू नये, यासाठी २०१६ पासून सर्वोच्च न्यायालयाची मान्यता असलेले नियम आहेत आणि २०१९ पासून कायद्यात कलम १३४-अ आहे. उद्या समोर अपघात झाला तर आधी जखमीला उचला. मग कॉलर धरणारा हात धरा. आणि कुणी पंच म्हणून हाक मारली, तर मागे सरकू नका. जे दिसतंय ते सांगा, वरचा दिवा बंद असेल तर तोही.